नवी पिचर

आमच्या क्वार्टरची आणि उजूच्या क्वार्टरची मधली भिंत एकच होती. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांसाठी बांधलेल्या त्या रांगेत सगळ्याच भिंती एका विटेच्या, वरून चुना. काकूंनी, म्हणजे उजूच्या आईनं, पलीकडे पाट्यावर मिरची आणि सांभार (आमच्याकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात) वाटायला घेतला की आमच्या मांडणीवरचे पितळी गडवे हलके वाजायचे. सकाळी आधी त्यांच्या दाराची कडी ऐकू यायची, मग बादलीचा आवाज, मग काका जीपच्या टपावर पाणी मारताना गुणगुणत ते एकच भजन. काकूंचा रेडिओ दोन्ही घरांना पुरत असे. आमच्या रेडिओतले सेल संपले की बाबा महिनोन्‌महिने नवे आणत नसत. मला शाळेसाठी उठवायला आईला हाक मारावी लागत नसे. उजू अंथरुणातूनच भिंतीवर बोटांनी ठोकायची, मी ठोकून उत्तर द्यायची, आणि दोघी एकदमच उठायचो. ती माझ्याहून काही महिन्यांनी मोठी होती आणि हे ती मला विसरू देत नसे.

दोन्ही घरांत चूल तेवढी वेगळी होती. आईनं लाखोळीच्या डाळीचे वडे तळले की पहिला घाणा ताटलीत झाकून पलीकडे जायचा आणि ती ताटली कधी रिकामी परत यायची नाही. तिच्यात उकडलेले शिंगाडे असत, नाहीतर तळ्यातल्या झिंग्यांचं सुकं, नाहीतर काकूंच्या हातचं बोराचं लोणचं. आम्ही विहारात जाणारे, ते नवरात्रात घट बसवणारे. पण जयंतीची खीर शिजायची तेव्हा काकू आमच्या अंगणात पदर खोचून बसलेल्या असत, आणि त्यांच्या घटापुढं आरती चालू असताना आई मागं उभी राहायची. हात जोडायची नाही, पण आरती संपेपर्यंत हलायचीही नाही. बाबा बांधकाम विभागात बाबू होते आणि काका त्याच विभागाच्या जीपवर ड्रायव्हर. दोघं एकमेकांना साहेबांच्या तक्रारी सांगत ओट्यावर बसायचे आणि आम्ही दोघी मागच्या बाजूला, नालीच्या पलीकडच्या मोकळ्या जागेत, बॉल टाकायचो.

सॉफ्टबॉल म्हटलं की लोक आजही मला विचारतात, म्हणजे नेमकं काय. बेसबॉलच्या जातीचा खेळ आहे. पिचर खालून हात गरकन फिरवून बॉल टाकते, समोरची पोरगी स्लगरनं तो मारते (बॅटला आम्ही स्लगरच म्हणायचो), आणि तिच्या मागं पाय दुमडून बसलेली कॅचर सुटलेला बॉल झेलते. तीनदा फिरवून बॉल लागला नाही की मारणारी बाद, आणि मारून चारही बेस धावत पार केले की एक रन. आमच्या शाळेत भुरे सर म्हणून खेळाचे शिक्षक होते. कबड्डीला पोरी खूप आणि सॉफ्टबॉलला कोणीच नाही, म्हणून त्यांनी आम्हाला या खेळात ओढलं. उजू उंच, हात लांब, ती पिचर झाली. मी बुटकी आणि चिवट, मला कॅचर केलं. तोंडावर जाळीचा मास्क, छातीला पॅड. आई पहिल्या दिवशी ते पाहून म्हणाली होती, "हे खेळ आहे का लढाई?" मैदानावर बाकी सगळ्या खेळाडूंची तोंडं एकीकडे असतात आणि कॅचरचं दुसरीकडे. तिला सगळं मैदान समोरून दिसतं. मला मात्र उजूच दिसायची. मी पायांच्या मध्ये बोटांनी खूण करायची, ती मान हलवायची आणि बॉल मी ठेवलेल्या हातात येऊन बसायचा. खरं सांगायचं तर मी खेळाडू कमी आणि उजूची चाहती जास्त होते. तिनं एखादीला बाद केलं की टाळ्या वाजवायला माझे हात मोकळे नसायचे, म्हणून मी ग्लोव्हवर मूठ आपटायची. आता गुडघे त्या तऱ्हेनं वाकत नाहीत. खाली बसून भाजी निवडायला घेतली की उठताना कोणाचा तरी हात लागतो, आणि मग मुलीला पुन्हा सांगावंसं वाटतं की हे गुडघे कशात गेले.

मग भंडारा जिल्हा फुटला. गोंदिया वेगळा झाला, तेव्हा भूगोलाच्या बाईंनी भिंतीवरच्या नकाशावर खडूनं एक रेघ ओढून दाखवली आणि आम्ही ती वहीत काढून घेतली. त्या रेघेचा आमच्याशी काही संबंध येईल असं मला वाटलं नव्हतं. आधी फायली गेल्या. बाबा कितीतरी संध्याकाळी उशिरा घरी येत, बोटांना सुतळीचे वळ घेऊन. हे गाव इकडं, ते गाव तिकडं असे गठ्ठे बांधायचं काम त्यांच्याकडे होतं. मग टेबलं-खुर्च्या गेल्या. मग माणसांची वाटणी सुरू झाली. कोण राहणार, कोण जाणार, यावर ओट्यावर रोज बोलणं व्हायचं, आणि एक दिवस बाबा घरात येऊन चपला न काढताच म्हणाले, "जीप गोंदियाले गेली."

"मग?" आई म्हणाली.

"मग काय. जीप गेली तर डायवर पण जाईनच ना."

आईनं हातातलं लाटणं ठेवलं आणि ती पलीकडे गेली. भिंतीतून दोघींचा आवाज येत होता, पण शब्द कळत नव्हते. आमच्या घरात पहिल्यांदाच असं झालं की पलीकडचं बोलणं कळलं नाही.

ट्रक आला त्या दिवशी शाळेला सुट्टी होती. सामान चढवायला क्वार्टरांतली सगळी माणसं होती. उजू आणि मी मागं नालीपलीकडे बॉल टाकत राहिलो. कोणी आम्हाला बोलावलं नाही. तिनं त्या दिवशी इतके चांगले बॉल टाकले की मला एकदाही हात हलवावा लागला नाही. काकांनी हॉर्न वाजवला तेव्हा ती म्हणाली, "गोंदिया काही लंडन नाही वं. गाडीत बसलं का पोचते." मी म्हटलं, "हो." तिचा शब्द खोटा नव्हता. गाड्या रोज होत्या. पण दहावीच्या पोरीला एकटीनं गाडीत कोण बसवणार, आणि बसवलं तरी उतरून रोज काय करणार.

त्यानंतरचे दिवस मला आवाजांच्या अभावानं आठवतात. क्वार्टर रिकामं राहिलं, दाराला सरकारी कुलूप. मांडणीवरचे गडवे गप्प. बाबांनी स्वतःहून रेडिओला सेल आणले, पण तो आमच्याच घरात वाजतो आहे हे कोणालाच सवयीचं होईना; थोडा वेळ लावून आई बंद करायची. ती अजूनही पहिला घाणा वेगळा काढायची आणि मग तोच आम्हाला वाढायची. शाळेत टीम होती, पण पिचर नव्हती. भुरे सरांनी एकदोघींना उभं करून पाहिलं. त्यांचे बॉल माझ्या डोक्यावरून जायचे आणि मी कुंपणापर्यंत आणायला धावायची. उजूनं एकदा तिच्या नव्या शेजाऱ्यांच्या फोनवरून आमच्या रांगेतल्या ओव्हरसियर काकांच्या घरी फोन केला. मला बोलवायला पोरगं धावत आलं. फोनवर आधी आम्ही दोघी काही वेळ नुसत्या "आणि काय" म्हणत राहिलो. मग तिनं सांगितलं की तिथल्या शाळेत टीम आहे, आणि सरांनी तिला घेतलं आहे.

"कॅचर कशी आहे?" मी विचारलं.

"चांगली आहे पोट्टी. बॉल सोडत नाही."

हे तिनं अगदी सहज सांगितलं, आणि सहजच सांगण्यासारखं होतं. मी घरी येऊन आईला म्हटलं, उजू मजेत आहे. माझी मुलगी हे ऐकते तेव्हा म्हणते, व्हिडिओ कॉल नव्हता म्हणून तुम्हाला असं वाटायचं. असेल. उजू आता दुर्गला असते, तिची दोन पोरं कॉलेजात शिकतात, आणि फोन हातात असूनही आम्ही वर्षातून दोनतीनदाच बोलतो. तेव्हाही आधी बराच वेळ "आणि काय" चालतं.

पावसाळा संपत आला असताना एका संध्याकाळी भुरे सर मैदानावर आले ते शिट्टी न वाजवताच. चेहरा असा की घरी काही चांगलं घडलं असावं. म्हणाले, "पोरींनो, आपल्याले पिचर भेटली." आंधळगावच्या शाळेतली एक पोरगी, ममता नाव, तिथल्या सरांनी तयार केलेली; तिला आता आपल्या शाळेत नाव घालून हॉस्टेलात ठेवलं आहे, सोमवारपासून येईल. सगळ्या पोरी उठून उभ्या राहिल्या. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभी राहणारी आमची शॉर्टस्टॉप कल्पना, जिचा आवाज सगळ्यांत मोठा, म्हणाली, "आता विभागीयले नागपूरले जाऊ आपण." पुढच्या सोमवारची वाट पाहत त्या घरी गेल्या. मी मास्क काढून पिशवीत ठेवत होते. कल्पनानं माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाली, "तू काहून गप्प? तुझाच तर फायदा. किती दिवस कुंपणापर्यंत धावशीन?" मी हसले. घरी जाताना सारखं वाटत होतं, की सरांनी आधी मला विचारायला हवं होतं. का विचारायचं, ते मला सांगता आलं नसतं. टीम सरांची, शाळा सरकारची. पण मनात एक वेडी आशा मी धरून ठेवली होती, की जागा रिकामी आहे तोवर उजू परत येऊ शकते. जीप परत येईल, मग काका येतील. ती जागा आता भरली.

ममता आली तेव्हा तिच्या अंगावर शाळेचा नवा, अजून इस्त्रीची घडी न मोडलेला ड्रेस होता आणि पायात घट्ट कॅनव्हासचे बूट. रंगानं सावळी, खांदे रुंद, बोलणं जवळजवळ नाहीच. घरी थोडी धानाची शेती आणि वडील दुसऱ्याच्या मागावर कोशाचं रेशमी कापड विणायचे, एवढं नंतर कळलं. सरांनी तिला रेघेवर उभं केलं, मी बसले, आणि तिनं पहिला बॉल टाकला. ग्लोव्हच्या आतून तळवा चुरचुरला. दुसऱ्याला मनगट मागं गेलं. शेवटी मी ग्लोव्ह काढून हात पाहिला तर अंगठ्याखालचं मांस लाल झालं होतं. पोरी ओरडत होत्या. सर कमरेवर हात ठेवून माझ्याकडे पाहत होते, मी काय म्हणते म्हणून.

"चांगली आहे, सर," मी म्हटलं.

ती उजूपेक्षा चांगली होती. हे मला पहिल्याच संध्याकाळी कळलं, आणि मैदानावर दुसऱ्या कोणाला ते माझ्याइतकं कळणं शक्य नव्हतं, कारण दोघींचे बॉल माझ्याच हातानं झेलले होते. उजू गेली याचं दुःख मला लोकांना सांगता यायचं. आई, कल्पना, सगळ्यांनाच ते समजत होतं. हे दुसरं मात्र सांगण्यासारखं नव्हतं. जिच्यासाठी मी इतके दिवस ग्लोव्हवर मुठी आपटल्या, तिच्याहून चांगली पोरगी बसमध्ये बसून आंधळगावहून येऊ शकते, आणि खेळ पुढं चालू राहतो.

आईनं मात्र ममताला पाहताक्षणी आपलं केलं. "हॉस्टेलात काय खात असन लेकरू," म्हणून तिनं रविवारी जेवायला बोलावलं, आणि मग दर रविवारी. ममता ओट्याच्या पायरीवर बसायची, भात जास्त घ्यायची, वडे मोजकेच घ्यायची आणि जेवल्यावर न सांगता सगळ्यांची ताटं घासायची. आई तिला तिच्या घरचं विचारायची आणि ती एकेका शब्दात सांगायची. "आईची याद येते का?" "येते." "कधी येते?" "संध्याकाळी." मी तिथंच बसलेली असायची. मी तिच्याशी वाईट वागत नव्हते, चांगलंही वागत नव्हते. मैदानावर सराव संपला की मी पिशवी भरून निघून जायची. उजू असताना सगळे गेल्यावरही आम्ही अंधारेपर्यंत टाकत बसायचो. त्या वेळेत मला तिथं थांबवत नव्हतं.

एकदा मी निघाले आणि अर्ध्या रस्त्यातून परत फिरले, पाण्याची बाटली राहिली होती म्हणून. मैदानावर ममता एकटीच होती. शाळेच्या भिंतीवर विटकरीनं एक चौकोन काढून ती त्यात बॉल मारत होती. मारायची, मग चालत जाऊन उचलून आणायची, मग पुन्हा रेघेवर उभी राहायची. पळत जात नव्हती. चालत जायची, चालत यायची. घाई नव्हती तिला, कारण हॉस्टेलात परत जाऊन करायचं तरी काय. मी बाटली उचलली. ती थांबली आणि म्हणाली, "चालली का तू?" त्या विचारण्यात तक्रार नव्हती. मी पिशवीतून ग्लोव्ह काढला आणि चौकोनासमोर बसले. तिनं बॉल टाकला. मी परत फेकला. अंधार पडेपर्यंत आम्ही तेवढंच केलं. दोघींपैकी कोणाचंच एकटेपण त्यानं कमी झालं नसावं, पण निदान बॉल आणायला कोणाला चालावं लागलं नाही.

जिल्ह्यात आम्ही जिंकलो. विभागीय स्पर्धा नागपूरला होती, आणि पहिलाच सामना गोंदियाच्या शाळेशी पडला, उजूच्या शाळेशी. हे कळल्यावर सरांनी मला आणि ममताला बाजूला घेतलं. "खुणा बदलवा," ते म्हणाले. "जुन्या सगळ्या उजूले माहीत आहेत." जुन्या खुणा म्हणजे उजूनं आणि मी नालीपलीकडे बसून ठरवलेल्या. एक बोट सरळ, दोन बोटं खाली, मूठ म्हणजे वर. मी दुसऱ्या दिवशी नव्या ठरवल्या आणि ममतानं त्या पाठ केल्या. मग सर मला एकटीला म्हणाले, "मेश्राम, ती पोरगी कशावर चुकते, तुले माहीत असन." मी म्हटलं, "पाहते, सर." पाहायचं काही नव्हतं. मला पक्कं माहीत होतं. छातीच्या वर आलेला बॉल उजूला सोडवत नसे. डोळ्यांसमोर काही आलं की ती स्लगर फिरवायचीच, आणि तो कधीच लागायचा नाही. लहानपणापासून मी तिला तेवढ्यावरून चिडवत आले होते.

नागपूरच्या मैदानावर आम्ही पोचलो तेव्हा गोंदियाची टीम आधीच येऊन सराव करत होती. उजू थोडी आणखी उंच झाली होती आणि तिनं केस कापले होते. दोन वेण्यांची एक ठेंगणी पोरगी तिच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी सांगत होती. तिच्या गळ्यात मास्क अडकवलेला होता. उजूनं मला पाहिलं आणि ती धावत आली. आम्ही समोरासमोर उभ्या राहिलो. इतक्या महिन्यांचं बोलायचं होतं आणि दोन्ही बाजूंनी सर हाका मारत होते. ती म्हणाली, "बारीक झाली तू." मी म्हटलं, "केस काहून कापले?" एवढंच झालं आणि आम्हाला आपापल्या बाजूला जावं लागलं.

तिच्याशी खरं बोलणं झालं ते ती बॅटिंगला आल्यावर. कॅचर आणि बॅटिंग करणारी यांच्यात हातभराचं अंतर असतं. ती उभी, मी तिच्या मागं खाली बसलेली, मधे फक्त माझ्या मास्कची जाळी. ती भिंतीपलीकडून गेल्यापासून आम्ही इतक्या जवळ आलो नव्हतो.

"काकू कशी आहे?" ती पुढं पाहतच म्हणाली. माझ्या आईला ती काकू म्हणायची.

"बरी आहे. तुही आई?"

"गुडघे दुखतात. गोंदियाचं पाणी मानवत नाही म्हणते."

"आमच्याकडं पाठव ना."

"कॅचर, बोलायचं नाही," पंच म्हणाले.

मी खाली मागायची खूण केली. ममतानं खाली टाकला आणि उजूनं तो आमच्या दोन पोरींच्या मधून सुंदर मारला. पळत गेली ती, आणि तिच्या त्या लांब ढांगा पाहून मला क्षणभर आनंदच झाला, आपण कोणत्या बाजूला आहोत हे आठवेपर्यंत. दुसऱ्या खेपेलाही मी खालीच मागितला. दुसऱ्या खेपेलाही तिनं मारला. सर बाहेरून माझ्याकडे पाहत होते. ते शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत आणि सोडत होते.

शेवटच्या डावात आम्ही एका रननं पुढं होतो. गोंदियाच्या दोघी बाद झाल्या होत्या, तिसरी बाद झाली की सामना आमचा, आणि त्यांची एक पोरगी तिसऱ्या बेसवर येऊन उभी होती. अशा वेळी उजू आली. मी समोर पाहिलं. ममतानं सगळा सामना एकटीनं टाकला होता. घामानं ड्रेस पाठीला चिकटला होता, आणि दोन चेंडूंच्या मधे ती उजवा हात खाली झटकत होती. तिच्या मागं सगळ्या पोरी काहीतरी ओरडत होत्या. ती त्यांच्याकडे पाहत नव्हती. ती माझ्या हाताकडे पाहत होती, मी कुठं मागते ते. मी पुन्हा खाली मागितला असता तर तिनं टाकला असता, उजूनं मारला असता, आणि आम्ही हरलो असतो तर ते ममताच्या नावावर लिहिलं गेलं असतं. आणि उजूलाही कळलंच असतं. जी पोरगी मला भिंतीपलीकडून ओळखायची, तिला मी मुद्दाम सोपा बॉल मागितला हे हातभरावरून कळलं नसतं का? मग तिनं तो मारून काय मिळवलं असतं?

मी वरची खूण केली.

पहिला बॉल आला, तिच्या छातीवरून, आणि तिनं फिरवला. स्लगरचा वारा माझ्या मास्कवर आला. मी पुन्हा वरच मागितला. तिनं पुन्हा फिरवला. तिसऱ्याला ममतानं बॉल आणखी थोडा वर टाकला, जवळजवळ गळ्यापर्यंत, जो कोणीही सोडून दिला असता, आणि उजूनं तोही फिरवला. बॉल माझ्या ग्लोव्हमध्ये होता. पंचांनी हात वर केला. आमच्या सगळ्या पोरी ममताकडे धावल्या.

मी उठले, मास्क काढला आणि तो हातातून सुटून खाली पडला. उजूनं वाकून तो उचलला, त्याच्यावरची माती झटकली आणि माझ्या हातात दिला.

"मले माहीत होतं तू वरच मांगशीन," ती म्हणाली. "तरी फिरवला."

ती रडत नव्हती, हसतही नव्हती. मग तिनं मान वळवून पाहिलं आणि म्हणाली, "जा. तुही पिचर उभी आहे तिकडं." ती दोन वेण्यांची पोरगी तोवर येऊन पोचली होती. तिनं उजूच्या हातातला स्लगर घेतला आणि दोघी त्यांच्या टीमकडे गेल्या. त्यांना गोंदियाची गाडी पकडायची होती. आम्ही पुढचा सामना खेळायला उतरलो तेव्हा त्या मैदानावरून निघून गेल्या होत्या. तो सामना आम्ही हरलो, सरळ हरलो, आणि त्याचं मला फारसं काही आठवत नाही.

परतीच्या एसटीत मी आणि ममता एका बाकावर बसलो. मागं कल्पना आणि बाकीच्या गाणी म्हणत होत्या, मग त्याही थकल्या. मौदा गेलं. दोन्हीकडे कापलेलं धान शेतात आडवं पडलं होतं आणि ऊन उतरत आलं होतं. ममता खिडकीशी होती. ती म्हणाली, "ती उजू होती ना."

"हो. तुले कोणी सांगतलं?"

"कोणी नाही. तू तिच्यासाठी दोनदा खाली मांगतला. इतका खाली तू कोणाले नाही मांगत."

मी तिच्याकडे पाहिलं. ती बाहेरच पाहत होती.

"समजलं होतं, तर टाकला काहून?"

"तू मांगतला म्हणून," ती म्हणाली.

तिच्या आवाजात उपकार नव्हता की राग नव्हता. विचारलं ते सांगितलं, आईला सांगायची तसं. तिचा उजवा हात मांडीवर उताणा पडला होता आणि बोटांच्या टोकांवर बॉलच्या शिवणीचे लाल वळ होते. दोन्ही वेळा बॉल कुठं जाणार आणि त्याचं काय होणार हे तिला माहीत होतं, आणि सगळ्या पोरी ओरडत असताना ती ते करत होती, एकटी. मी इतके महिने समजत होते की मैदानावर एकटी मीच आहे.

भंडाऱ्याच्या बसस्टँडवर उतरलो तेव्हा दिवे लागले होते. पोरी आपापल्या घरच्या माणसांबरोबर पांगल्या. ममता तिची पिशवी खांद्याला लावून हॉस्टेलच्या रस्त्याकडे वळली. मी तिला थांबवलं आणि म्हटलं, "घरी चाल. जेवून जाशीन."

तिनं पिशवीचा पट्टा खांद्यावर सारखा केला.

"आज नको," ती म्हणाली. "आज तू एकटीच राह्य. मी रविवारी येईन."

ती गेली. मी स्टँडच्या फाटकाशी उभी राहिले. एवढ्या दिवसांत कोणालाच न कळलेलं माझं एकटेपण तिनं ओळखलं होतं, आणि ओळखूनही त्यात पाऊल ठेवलं नव्हतं. मग मी सरळ घरी न जाता खांब तलावाच्या बाजूनं लांबच्या वाटेनं गेले, आणि उजू गेल्यापासून पहिल्यांदा, चालता चालता, पोटभर रडले.

रविवारी ती आली.